डाग काढणाऱ्याची पाठ

आमच्या भावोजींना माणसाचा चेहरा लक्षात राहत नाही, कॉलर राहते. रस्त्यात समोरून कोणी हात केला की तेही हात करतात, हसतात, घरच्यांची चौकशी करतात, आणि तो पुढे गेला की मला विचारतात, "कोण गं हा?" मी नाव सांगते, डोक्यात प्रकाश पडत नाही. "अहो, तो करड्या कोटवाला," म्हटलं की लगेच, "हां, हां. खिशाशी शाई सांडून घेतलेला. मूर्ख माणूस." म्हणजे ओळख पटली.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्यांची लॉन्ड्री आहे. खाली दुकान, वर घर, आणि दोन्हीकडे वाफ. पुढे काउंटरवर मी, मधे इस्त्रीच्या टेबलाशी भावोजी, आणि मागच्या खोलीत डाग काढायच्या बाटल्यांपाशी ताई. मी लग्न केलं नाही. का केलं नाही असं जे विचारतात, त्यांचे कपडे मी जरा उशिराच देते.

खरं सांगायचं तर दुकानातला खरा हात ताईचा. पाटी भावोजींची, टेबल भावोजींचं, पण हट्टी डाग मागच्या खोलीत जातो. त्यांचं लग्नही त्यातूनच जमलं. ताई तरुण असताना आमच्या वडिलांचा कोट घेऊन या दुकानात आली होती. भावोजींनी डाग पाहिला आणि "बघू" म्हणाले. आमच्या धंद्यात "बघू" म्हणजे निघणार नाही. ताईने कोट परत नेला, घरी स्वतः डाग काढला आणि दाखवायला मुद्दाम दुकानात घेऊन आली. भावोजी हबकले. अशी मुलगी मोकळी सोडली तर उद्या समोरच दुकान टाकेल, असा विचार करून त्यांनी मागणी घातली. ताई म्हणते, प्रेम होतं. असेलही. प्रेम आणि धंदा यांचा डाग एकमेकांत मिसळला की वेगळा काढता येत नाही.

भावोजी दिवसभर उभे. बसून इस्त्री करणाऱ्याला ते माणसांत धरत नाहीत. ग्राहक आला की काम न थांबवता मान वर करायची, त्याला वरपासून खालपर्यंत पाहायचं, आणि त्याने आणलेल्या कपड्यापेक्षा अंगातल्या कपड्याबद्दल त्याला दोन शब्द सुनावायचे, हा त्यांचा आनंद. उभं राहिल्याशिवाय तो मिळत नाही. खुर्चीत बसलेला माणूस दुसऱ्याच्या कॉलरकडे वरून पाहू शकत नाही, हे त्यांचं तत्त्वज्ञान.

तर अशा माणसाची पाठ दुखायला लागली.

दुखण्याला तोंड फुटायचा अवकाश, की सल्ल्यांना पूर येतो. कोणी म्हणालं गादी बदला, कोणी म्हणालं गादी काढून टाका. कोणी पट्टा आणून दिला, तो भावोजींनी धुऊन, इस्त्री करून परत केला. सगळ्यांत पुढे त्यांचा मामेभाऊ. या गृहस्थाला मोबाइलवर सगळं कळतं आणि मोबाइल बंद असला तरी कळतं. "नस दबली असणार. माझ्या साडूला अस्संच झालं होतं." हा साडू मी आजवर पाहिलेला नाही. जगातले सगळे आजार त्याला होऊन गेलेत आणि तो सगळ्यांतून बरा झालाय.

पाठ काही बरी होईना. शेवटी ताईने दुकान माझ्यावर सोडलं आणि त्यांना मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तपासण्या झाल्या, आणि निदान झालं ते कॅन्सरचं. सुरुवात प्रोस्टेटमध्ये, तिथून तो मणक्यात पोचलेला.

आता गंमत बघा. कॅन्सर हा शब्द ताईने सगळ्यांना धडधडीत सांगितला, पण प्रोस्टेट हा शब्द घरात कोणाच्या तोंडून निघेना. आजाराची लाज नव्हती, पत्त्याची होती. नातेवाइकांना कळवलं ते "पाठीचा कॅन्सर" असं. मामेभावाने खोदून विचारलं, "पण मुळात कुठून आला?" तर भावोजी म्हणाले, "खालून." मामेभाऊ खालच्या मजल्यावरच्या वाफेला बरेच दिवस दोष देत होता. मी त्याला दुरुस्त केलं नाही, कारण वाफेत अडकला की तेवढे त्याचे बाकीचे सल्ले थांबायचे.

हॉस्पिटलात डॉक्टर दोन. ताईने त्यांची नावं ठेवली ती शेकणाऱ्या बाई आणि कापणारे डॉक्टर. शेकणाऱ्या बाई रेडिएशनच्या. मऊ बोलायच्या, वाईट बातमीसुद्धा बाळाला झोपवल्यासारखी सांगायच्या. कापणारे डॉक्टर नेहमी अर्धे दारात, अर्धे बाहेर. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे चालत बोलायचं, आणि पाठ दुखणाऱ्या माणसाला ते काही जमत नव्हतं. दोघांचे दरवाजे एका बोळात समोरासमोर, पण एकमेकांशी बोलणं नाही. बाईंचं म्हणणं ताईने त्यांना सांगायचं, त्यांचं म्हणणं बाईंना. एरवी नवरा-बायकोचा अबोला असला की मधे मुलं निरोप्याचं काम करतात, तसं ते चाललं होतं.

कापणारे म्हणाले, "शेकलेल्या जागेवर सुरी चालवायला मला आवडत नाही. आधी ऑपरेशन, मग शेक." बाई म्हणाल्या, "आधी कापलं तर जखम भरेपर्यंत मला हात लावता येणार नाही. तोवर गाठ वाढेल." दोघांचं ऐकलं की दोघंही बरोबर वाटायचे, हीच पंचाईत. भावोजींनी मात्र पलंगावर पडल्या पडल्या निकाल दिला. "कापड आधी इस्त्री करूनच कापतात. बाई बरोबर आहेत."

पुढे मोठ्या डॉक्टरांची बैठक झाली. तिथे रोग्याला प्रवेश नसतो, कारण चर्चा त्याच्याबद्दल असते. तिथेही आधी शेक असंच ठरलं. भावोजींची आजही समजूत आहे की इस्त्रीचा मुद्दा बैठकीत निर्णायक ठरला.

बाईंनी मग आम्हा तिघांना समोर बसवून नीट सांगितलं. मणका आतून पोखरलाय आणि गाठ मज्जारज्जूवर, म्हणजे पायांकडे जाणाऱ्या नसांच्या जाड दोरीवर, दाब देतेय. काही दिवस नेमका शेक देऊन गाठीचा जोर कमी करायचा आणि लगेच ऑपरेशन करून मणक्याला स्क्रू-पट्ट्यांचा आधार द्यायचा. मधे दिवस घालवायचे नाहीत. शेकलेली कातडी थोड्या दिवसांनी बिघडते, टाके धरत नाही, आणि ती पुन्हा शांत व्हायला कित्येक आठवडे जातात.

"तेवढं थांबायला तुमचे पाय तयार नाहीत," त्या म्हणाल्या.

भावोजींनी विचारलं, "एवढं करून आजार जाईल?"

"जाणार नाही. औषधांनी ताब्यात ठेवायचा."

"मग हे सगळं कशासाठी?"

"तुम्ही उभे राहावं म्हणून."

भावोजींनी ताईकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग करूया." आयुष्यात कुठल्याही सौद्याला ते इतक्या लवकर हो म्हणाले नव्हते. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. तोवर मी फक्त वैतागले होते.

शेक सुरू व्हायच्या आधी खुणा करायला बोलावलं. भावोजी ठेवणीतला पांढरा शर्ट, कडक स्टार्च करून, घालून गेले. हॉस्पिटलात एवढे लोक येतात, धंद्याची जाहिरात होईल, हा हिशोब. तिथल्या टेक्निशियनने त्यांना मशीनवर निजवलं, फोटो काढले आणि जांभळ्या शाईने पाठीवर, कुशींवर रेघा आणि फुल्या मारल्या. मग म्हणाला, "याला पाणी लागू देऊ नका. आंघोळ करताना जपा."

ताईने ऐकलं. भावोजींनीही ऐकलं, पण ऐकताना ते त्या माणसाच्या पांढऱ्या कोटाकडे पाहत होते. खिशाच्या खाली जांभळा डाग उतरलेला. ज्याला स्वतःच्या खिशातलं पेन सांभाळता येत नाही, त्याच्या शब्दाला किती वजन द्यायचं? तिथेच सगळं बिनसलं असावं. "पुसू नका" असं मात्र तो म्हणाला नव्हता, कारण पुसायची कल्पना शहाण्या माणसाच्या डोक्यात येतच नाही.

घरी येऊन भावोजींनी शर्ट काढला. शर्टाच्या आत, पाठीवर, जांभळी फुली. पांढऱ्या शर्टावर. त्यांच्या शर्टावर. मी खाली काउंटरवर होते, वरून आवाज आला तेव्हा मला वाटलं माणूस पडला.

त्यानंतर वर जे झालं ते मला ताईने नंतर सांगितलं. शर्टाचा डाग तिने आधी काढायला घेतला. भावोजी म्हणाले, "अगं, शर्ट नंतर. आधी मूळ काढ. पाठीवर शाई आहे तोवर रोज एक शर्ट जाईल."

ताई म्हणाली, "अहो, ती शाई त्यांनी मुद्दाम लावलीय."

"टेलरसुद्धा मुद्दामच लावतो. खडूने रेघा मारतो, माप उतरवतो, कापतो. मग कोटावर राहिलेला खडू कोण काढतं? उभा जन्म आपण दुसरं काय केलं? आज माझं माप घेऊन झालं. अख्खा मणका पडद्यावर होता, मी मान वळवून पाहिला. आता या रेघा म्हणजे शिवून झालेल्या कोटावरचा खडू. उद्या बाई पाठ बघणार. अशी बरबटलेली घेऊन जाऊ?"

"पण तो म्हणाला, पाणी लावू नका."

"पाणी कुठे लावतोय? आपलं ड्रायक्लीन आहे."

या युक्तिवादावर जगातली कुठलीही बायको "तुम्ही गप्प पडा" म्हणाली असती. पण ताई नुसती बायको नाही, ती मागच्या खोलीची मालकीण आहे. आणि तिच्यासमोर एक पाठ होती, तिच्यावर आजवर कधी न पाहिलेली शाई होती, आणि समोरचा माणूस म्हणत होता की बघू निघते का. हे आव्हान होतं. शिवाय गेले कित्येक दिवस त्या पाठीसाठी तिला काहीच करता येत नव्हतं. फक्त निरोप पोचवायचे आणि बाकावर बसायचं. आता तिच्या हाताला येणारं काम समोर आलं होतं. तिने बाटल्या वर नेल्या.

मी दुकान बंद करून वर गेले तेव्हा भावोजी पालथे पडलेले आणि ताई मऊ फडक्याने शेवटचा हात फिरवत होती. डाग पसरू नये म्हणून बाहेरून आत, अगदी रीतीने. पाठ लख्ख.

"रेघा कुठे गेल्या?" मी विचारलं.

"एकही राहिली नाही," ताई म्हणाली. शाईने पहिल्या स्पिरिटला दाद दिली नाही, मग दुसरी बाटली काढली, असं तिने मला सगळं सांगितलं. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा फुलला होता. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

सकाळी पाठीवर जिथे जिथे घासलं होतं तिथे तिथे लालभडक चट्टे उठले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. आम्ही तिघंही हॉस्पिटलात गेलो. मी दुकानाला कुलूप लावून गेले, कारण मला घरी बसवेना.

टेक्निशियनने शर्ट वर केला आणि पुष्कळ वेळ नुसता पाहत राहिला. मग पलीकडे जाऊन पाहिलं, जणू रेघा पोटाकडे गेल्या असतील.

"खुणा कुठे आहेत?"

"काढल्या," भावोजी म्हणाले. आवाजात थोडी ऐट होतीच.

"ही शाई जात नाही हो. माझ्या कोटावरची वर्षभर गेली नाही. कशाने काढलीत?"

ताई सांगायला लागली, पहिल्या बाटलीपर्यंत पोचली आणि त्याचा चेहरा पाहून थांबली. तो बाईंना बोलावायला गेला.

बाई आल्या, चट्ट्यांवर बोट ठेवलं, आणि पहिल्यांदा मऊ बोलल्या नाहीत. "या रेघांवर आम्ही मशीन जमवतो. रेघ नसेल तर शेक गाठीवर पडतोय की शेजारच्या दोरीवर, ते मला कसं कळणार? आता पुन्हा सगळं मापायचं. आणि या लाल कातडीवर शेक दिला तर ती आणखी भाजेल. मग टाके कुठे घालायचे? हे शांत होईपर्यंत थांबावं लागणार." मग त्यांनी विचारलं, "कोणी पुसलं?"

ताई म्हणाली, "मी."

थांबायचं म्हणजे ऑपरेशनची ठरलेली वेळ गेली. पुढची मिळेना, कारण कापणारे डॉक्टर परिषदेला निघाले होते. बोळातून चालता चालता त्यांनीच सांगितलं की तिथे त्यांचं भाषण आहे. विषय होता, मणक्याच्या रोग्यांवर वेळेत शस्त्रक्रिया करण्याचं महत्त्व. मी म्हटलं, "डॉक्टर, आमच्यातर्फेही दोन शब्द सांगा." ते हसले. त्यांना वाटलं मी शुभेच्छा देतेय.

आम्ही निघालो तेव्हा बाईंनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, पाय ओढायला लागला, मुंग्या आल्या, काहीही वेगळं वाटलं तर त्याच घटकेला या. भावोजींनी मान डोलावली. घरी पलंगावर पडून राहायला सांगितलं होतं. आमची पाठ वळली की ते टेबलाशी. "थोडा वेळ उभा राहतो, बरं वाटतं." मी ओरडले, ताई ओरडली, पालथ्या घड्यावर पाणी.

एके दिवशी ते टेबलापासून कपाटाकडे निघाले आणि उजव्या पायातली चप्पल टेबलापाशीच राहिली. ते तसेच पुढे गेले. परत येऊन त्यांनी चप्पल पाहिली, पायात घातली, पुन्हा निघाले, पुन्हा ती मागे. मला म्हणाले, "चपलेचा पट्टा सैल झालाय. चांभाराकडे दे." मी दिली. चांभाराने उलटीपालटी करून परत पाठवली, "यात काही बिघाड नाही."

मी चप्पल घेऊन आत आले आणि ताईसमोर ठेवली. ताईने एकदा चपलेकडे पाहिलं, मग टेबलाखाली. उजवं पाऊल जमिनीला घासत होतं. तिने हातातला कपडा ठेवला, आणि मी गाडी बोलवायला धावले. त्या धावण्यात मी जे देवाला म्हटलं ते इथे लिहीत नाही. फार वाईट शब्द होते.

मग मात्र सगळं भराभर झालं. दोन डॉक्टर एकमेकांशी बोलले, समोरासमोर, बोळात उभं राहून. त्यासाठी भावोजींना एक पाऊल गमवावं लागलं. कापणारे डॉक्टर परिषदेहून परतले होते. माणूस सदा घाईत असला तरी हाताचा पक्का, आणि त्यांनी आपली दुसरी कामं मागे सारली. कातडी बरी दिसत होती. नव्याने मापं घेतली. या वेळी टेक्निशियनने शाईचं पेन घेतलंच नाही. सुईने कातडीच्या आत बारीक काळे ठिपके टोचले आणि ताईकडे पाहून म्हणाला, "हे निघत नाहीत." ताई म्हणाली, "नको निघायला." शेक झाले, आणि लगेच ऑपरेशन.

ऑपरेशन चालू असताना बाहेर बाकावर सगळे नातेवाईक जमले. काम नसलं की माणसं न्यायालय भरवतात. मामेभाऊ न्यायाधीश. "मुळात चूक कोणाची?" त्याने विषय काढला. आधी टेक्निशियनवर खटला चालला, मग शाईवर, मग हॉस्पिटलवर. सगळे सुटले. मग तो ताईकडे वळला. "वहिनी, तुम्ही सुशिक्षित आहात. एवढं कळायला नको? माझ्या साडूच्या वेळी..."

"तुमच्या साडूला बोलवा," मी म्हटलं. "आत झोपवू. एवढे आजार झालेत, त्यात हा एक."

त्याने मोबाइलमध्ये डोकं घातलं. पण ताई म्हणाली, "त्यांना बोलू दे. खरं तेच बोलतायत." आणि ती मांडीवरच्या हातांकडे पाहत बसली. स्पिरिटने तिच्या बोटांची कातडी कायमची कोरडी, पांढरट झालेली. मी आजवर त्या हातांचा हेवा केला होता. त्या दिवशी मला ते झाकून टाकावेसे वाटले.

ऑपरेशन चांगलं झालं. जखम भरली, टाके धरले. डावा पाय पूर्ण शाबूत राहिला. उजवा गुडघ्यापर्यंत परत आला, खाली पाऊल मात्र उचलेना. ते लोंबतं, म्हणून बुटाच्या आत एक साचा घालावा लागतो. तो घालताना भावोजींना वाकता येत नाही, मणक्यात पट्ट्या आहेत. ताई घालते. एक काठी मिळाली आहे, ती त्यांना आवडत नाही. टेबलाला धरून ते थोडा थोडा वेळ उभे राहतात, आणि ग्राहकाला वरून खाली पाहण्याएवढी उंची त्यांना परत मिळाली आहे. मामेभाऊ येऊन विचारून गेला, "म्हणजे झालं ना बरं?" भावोजी म्हणाले, "पाठ झाली." तो समाधानाने गेला.

बरं झालेलं नाही. ते आम्हा तिघांना माहीत आहे. दर महिन्याला सुई आहे, गोळ्या आहेत, आणि कधीतरी त्या पुरायच्या नाहीत. ताईला ते सहन होत होतं. तिला सहन होत नव्हती ती दुसरी गोष्ट. ती मागच्या खोलीत जाईना. डाग आला की मला म्हणे, "नको बाई, परत कर." ग्राहकांना नाही म्हणायची वेळ माझ्यावर यायला लागली. तिच्याशी बोलायला गेलं की म्हणे, "मला एकदा विचारायचंय त्यांना."

ती पुढच्या तपासणीच्या दिवशी विचारून मोकळी झाली. कापणारे डॉक्टर भावोजींची पाठ पाहून झाले होते, भावोजी खुर्चीत बसलेले, उजवा पाय अनवाणी, बूट शेजारी. डॉक्टर सवयीने दाराकडे निघाले होते. ताई दारात जाऊन उभी राहिली.

"डॉक्टर, त्या दिवशी मी पुसलं नसतं, तर पाऊल वाचलं असतं का?"

मला वाटलं, हे आता भाषण देतील. किंवा गोड खोटं बोलतील. तेही मी माफ केलं असतं. ते परत आले, खुर्ची ओढून बसले. आमच्यासमोर बसलेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते.

"ठामपणे सांगता येत नाही," ते म्हणाले. "वेळेत झालं असतं तरी गेलं असतं, असंही होतं. पण कदाचित वाचलं असतं. हो."

ताईने मान हलवली. तिला हेच ऐकायचं होतं आणि हेच ऐकायचं नव्हतं.

मग भावोजी म्हणाले, "डॉक्टर, पाऊल कोणाचं?"

"तुमचं."

"आमच्या धंद्यात कपडा ज्याचा, तक्रार त्याची. शेजाऱ्यापाजाऱ्याने येऊन सांगितलेलं आम्ही ऐकत नाही. धुणाऱ्याने स्वतःच येऊन सांगितलेलं तर मुळीच नाही." ते ताईकडे वळले. "मी केली का तक्रार?"

ताईने मानेने नाही म्हटलं.

"करणार पण नाही. ये, बूट घाल. दुकान उघडायचंय, आणि मागे कपड्यांचा ढीग पडलाय. तो हिच्याच्याने होणार नाही."

ही म्हणजे मी. बरोबरच होतं ते.

ताई खाली बसली. तिने त्यांचं पाऊल हातात घेतलं, साच्यात बसवलं, बूट चढवला आणि बंद बांधायला लागली. बुटाचे बंद बांधायला तेवढा वेळ लागत नाही. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली नाही, आणि आम्हीही तिला ऊठ म्हणालो नाही.